घर जळालेल्या कुटुंबाला मदत करताना या चुका टाळा

मार्च महिना लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरांना आगी लागण्याचे प्रमाण वाढते. उन्हाने कडक वाळलेले लाकूड, गोठ्यालगत रचलेला कडबा, भाव वाढेल या आशेने घरातच साठवून ठेवलेला कापूस आणि दुपारचा झोडपणारा वारा एकत्र आले की एक ठिणगी पुरेशी ठरते. अशा वेळी हंडे-कळश्या घेऊन धावून येण्यात खानदेशातील कोणतेही गाव मागे राहत नाही. चुका होतात त्या आग विझल्यानंतर, आणि त्यांपैकी बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: सगळी मदत पहिल्या आठवड्यातच उरकण्याची घाई, आणि त्या घाईत ज्याचे घर जळाले त्यालाच विचारायचे राहून जाणे. पुढील मजकूर भाऊबंद, शेजारी, तरुण मंडळे आणि महिला बचत गट यांच्यासाठी आहे.

जेसीबी बोलावण्याची घाई

सर्वांत मोठे नुकसान करणारी चूक हीच आहे. जळालेला ढीग डोळ्यांसमोर नको या चांगल्या भावनेने गावातील तरुण दुसऱ्याच दिवशी जेसीबी आणतात आणि दुपारपर्यंत जागा साफ करतात. त्या ढिगाऱ्याबरोबर पंचनाम्याचा पुरावा, विमा असल्यास सर्वेक्षकाला दाखवायच्या वस्तू आणि पुष्कळदा घरातील सोने-चांदीही गावाबाहेरच्या खड्ड्यात जाते. सोने 1064 अंश सेल्सिअसला आणि चांदी 962 अंशांना वितळते. त्यामुळे घरगुती आगीत दागिना काळवंडतो, वाकतो, क्वचित त्याचा गोळा होतो, परंतु तो नाहीसा होत नाही. कपाट किंवा पेटी जिथे होती, तेथील राख घरातील माणसाच्या समोर, हाताने आणि चाळणीने चाळावी. या कामाला दोन दिवस लागले तरी ते लागू द्यावेत.

लोखंडी कपाट बाहेरून विझलेले दिसले, तरी ते पूर्ण गार होईपर्यंत उघडू नये. आत तापलेले कागद हवा मिळताच पेटतात आणि आगीतून वाचलेली खरेदीखते डोळ्यांदेखत जळून जातात. कापसाबाबतही असाच धोका आहे. वरून पाणी मारलेल्या कापसाच्या पोटात आग दिवसेंदिवस धुमसत राहते आणि रात्रीच्या वाऱ्याने पुन्हा भडकते. म्हणून अर्धवट जळालेला कापूस मोकळ्या जागी नेऊन, पसरवून, पूर्ण भिजवावा आणि त्यावर रात्री राखण ठेवावी. मात्र हा कापूस हलवण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि शक्य असेल तर वजनाचा अंदाज चार माणसांसमोर लिहून ठेवावा.

जुन्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांसाठी वेगळी सूचना आवश्यक आहे. धाब्याचा सगळा भार लाकडी खांबांवर आणि आडव्या सऱ्यांवर असतो. खांब आतून जळालेले असतात, वरची माती पाण्याने भिजून जड झालेली असते आणि भिंती ओल्या असतात. आग विझल्यावर भांडीकुंडी काढण्यासाठी अशा घरात शिरणे हे आगीत शिरण्याइतकेच जिवावर बेतू शकते. स्लॅबचे घर उभे दिसले म्हणून तेही सुरक्षित मानू नये. काँक्रीटला गुलाबी छटा आलेली असेल, त्याचे पापुद्रे सुटले असतील किंवा गज उघडे पडले असतील, तर अभियंत्याने पाहिल्याशिवाय त्याखाली कोणाला झोपू देऊ नये. सिमेंटचे पत्रे आगीत तडकतात आणि त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस हे फुफ्फुसांना घातक तंतू असतात, म्हणून ते कोरडे असताना फोडू नयेत. पाणी मारून, तोंडाला घट्ट मास्क बांधून उचलावेत.

पंचनाम्यातील एक शब्द

तलाठी येतात तेव्हा कुटुंब भानावर नसते आणि गावातील एखादी जाणती व्यक्ती त्यांच्या वतीने भराभर उत्तरे देते. येथे मोठी चूक होते. केंद्र सरकारच्या आपत्ती मदतीच्या यादीत आगीचा समावेश आहे. 2022 ते 2026 या काळासाठी ठरलेल्या निकषांनुसार पूर्ण नष्ट झालेल्या पक्क्या किंवा कच्च्या घरासाठी सपाट भागात 1,20,000 रुपये आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये इतकी मदत ठरली होती. झोपडीसाठी मात्र केवळ 8,000 रुपये होते. मातीच्या भिंतींचे, पत्र्याचे किंवा कौलांचे राहते घर पंचनाम्यात ‘झोपडी’ म्हणून नोंदले गेले, तर त्या एका शब्दाने कुटुंबाचे लाखभर रुपये जातात. अंशतः नुकसान आणि पूर्ण नुकसान यांतील फरकही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण अंशतः पडझडीची रक्कम काही हजारांतच असते. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुवा परिसरात कुडाच्या भिंतींची, सागाच्या खांबांची मोठी घरे असतात. ती पिढ्यान्‌पिढ्यांची राहती घरे आहेत हे तेथील मदतनीसांनी पंचनाम्याच्या वेळी आवर्जून सांगावे.

घर अधिकृत असल्याचा दाखला लागतो, म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा त्याच दिवशी काढून ठेवावा. कपडे आणि भांडी यांसाठी त्याच निकषांत प्रत्येकी 2,500 रुपयांची स्वतंत्र तरतूद होती. ती मागायला लोक विसरतात. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो कुटुंबातील कर्त्या स्त्रीला आणि पुरुषाला मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी.

आगीचे कारण अंदाजाने सांगू नये, ही सूचना येथेच केलेली बरी. ‘शॉर्टसर्किट झाले असेल’ असे गर्दीतून कोणीतरी म्हणते आणि तेच कागदावर उतरते. आग सिलिंडरमुळे लागली असेल, तर गॅस वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे लागते, कारण तेल कंपन्यांनी काढलेला विमा नोंदणीकृत ग्राहकाला लागू होतो आणि नोंदणीच्या पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठी प्रत्येक घटनेमागे कमाल 2 लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद त्यात असते. आग विजेच्या तारेमुळे लागली असेल, तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल निर्णायक ठरतो. माहीत नसेल तर ‘कारण अज्ञात’ असे लिहू द्यावे. मीटर आणि जळालेल्या वायरी जागेवरच राहू द्याव्यात आणि गावातील वायरमनकडून तात्पुरती जोडणी करून घेण्याचा मोह टाळावा. घरावर कर्ज असल्यास बँकेत जाऊन विम्याची चौकशी करावी. कर्जाबरोबर काढलेल्या विम्याची माहिती अनेक कर्जदारांना नसते.

कागद आणि नोटा

ओले झालेले कागद उन्हात वाळवू नयेत, ते सावलीत एकेक सुटे करून ठेवावेत. जळालेल्या नोटा सरळ करायला गेल्यास तुकडे पडतात. त्या आहेत तशाच डब्यात कापसावर ठेवाव्यात. अतिशय जळून ठिसूळ झालेल्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम (नोटा जारी करणाऱ्या) कार्यालयात न्याव्या लागतात. कमिशन घेऊन नोटा बदलून देतो म्हणणाऱ्याच्या हाती त्या देऊ नयेत.

रेशन कार्ड जळाले म्हणून त्या महिन्याचे धान्य बुडत नाही. दुकानदाराकडे कार्डाचा क्रमांक असतो आणि ई-पॉस यंत्रावर अंगठा लावून धान्य घेता येते. आधार आणि सातबारा ऑनलाइन पुन्हा मिळतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांसाठी शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे अर्ज करावा. या सगळ्यासाठी संगणकाची माहिती असलेल्या एका तरुणाने महिनाभर त्या कुटुंबाबरोबर फिरण्याची जबाबदारी घेतली, तर ती मदत हजारो रुपयांच्या वर्गणीपेक्षा मोलाची ठरते.

कपड्यांचा ढीग आणि आठवडाभराचे जेवण

जुन्या कपड्यांची गाठोडी आणून टाकणे ही मदत नव्हे. त्या ढिगातून आपल्या मापाचे काही शोधत बसणाऱ्या गृहिणीची अवस्था देणाऱ्यांनी एकदा मनात आणावी. घरात कोण कोण आहे, कोणाचे माप काय, आजींना नऊवारी लागते की सहावारी, मुलांच्या पायांत काय आहे, हे एका समजूतदार बाईने विचारून यादी करावी आणि नवे, मोजके कपडे आणावेत. अंतर्वस्त्रे आणि सॅनिटरी पॅड कोणी मागत नाही, पण ती पहिल्याच दिवशी लागतात. चष्मा, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, लहान मुलाचे औषध यांचीही चौकशी त्याच संध्याकाळी करावी. कोठीतील धान्य नुसते धुरकटलेले दिसले तरी ते खाऊ नये, आणि जवळच कीटकनाशकांचे डबे जळाले असतील तर ते गुरांनाही घालू नये.

जेवणाचे डबे पहिल्या आठवड्यात इतके येतात की अन्न वाया जाते आणि पंधराव्या दिवशी चूल पेटवायला काही नसते. खानदेशातील घर चैत्र-वैशाखात वर्षाचे भरून ठेवते: गहू, दादर ज्वारी, तुरीची डाळ, मिरची, पापड, बिबड्या, कुरडया, शेवया. या दिवसांत घर जळते तेव्हा वर्षभराचे अन्न जळालेले असते. म्हणून बचत गटांनी पाळी लावून डबे द्यावेत आणि त्याच हंगामात आपापल्या घरच्या वाळवणाबरोबर त्या घराचाही वाटा घालावा. घरटी दोन पायल्या धान्य निघाले तरी मध्यम गावातून एका कुटुंबाची कोठी भरते.

रोख रक्कम शक्यतो पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात थेट जमा व्हावी. मोबाईलवर फिरणाऱ्या क्यूआर कोडच्या नकला करून भलतेच लोक पैसे उकळतात. त्यामुळे खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि तोच खरा असल्याचे सरपंचांनी सांगावे. जमाखर्चाची वही अवश्य ठेवावी, पण कोणी किती दिले हे ध्वनिक्षेपकावरून पुकारू नये. आपल्याकडे आहेराची वही असते आणि आहेर फेडायचा असतो. नावानिशी पुकारलेली मदत त्या कुटुंबाच्या मनावर कर्ज होऊन बसते. हीच गोष्ट छायाचित्रांची. धान्याचे पोते देताना घराच्या मालकिणीला पुढे उभे करून फोटो काढणे तात्काळ थांबवावे. पंचनाम्यासाठी घराचे फोटो हवेत, माणसांचे नव्हेत. आणि सुनेने चूल विझवली नव्हती का, दिवा कोणी लावला, अशी चर्चा त्या अंगणात कोणी सुरू केली, तर वडीलधाऱ्यांनी ती तिथेच तोडावी.

‘जिभाऊ, तुम्ही फक्त बसा, आम्ही बघतो’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, हे खरे. परंतु सगळे गेलेल्या माणसाच्या हातात निर्णय तेवढे उरलेले असतात. कुठे राहायचे, आधी काय घ्यायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. त्या उन्हात पत्र्याचे शेड किंवा ताडपत्रीचा तंबू उभारून देणे निरुपयोगी आहे. गुरांवर नजर राहील इतक्या अंतरावरची एखादी खोली, सुट्टीतली शाळा किंवा मंदिराची ओसरी बरी, आणि कुटुंबातील माणसे चार घरांत वाटून टाकू नयेत.

गुरे, भाडेकरू आणि सालदार

मेलेले जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहण्यापूर्वी पुरू नये, कारण त्यांच्या दाखल्याशिवाय भरपाईचा दावा उभा राहत नाही. भाजलेल्या गुरांना तेल-हळद फासण्याऐवजी गार पाणी आणि सावली द्यावी. कडबा जळाला असेल तर पावसाळ्यात हिरवा चारा येईपर्यंतचा हिशेब करून चारा गोळा करावा.

घर मालकाचे आणि राहणारा दुसराच असेल, तर सगळी मदत मालकाकडे जाते. खळ्यातल्या खोलीत राहणाऱ्या सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचे) कपडे, भांडी, लेकरांची दप्तरे आणि साठवलेले पैसेही त्याच आगीत जातात, पण त्याचे नाव पंचनाम्यात येत नाही. त्याच्या वस्तूंची नोंद स्वतंत्र करून घ्यावी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे साल बदलते. त्या सुमारास आग लागली असेल, तर त्याच्या उचलीचा हिशेब जळालेल्या घराच्या नावाखाली लांबणीवर पडू नये, याकडे गावाने लक्ष द्यावे.

जूननंतर

कापूस जळाला म्हणजे वर्षाचे उत्पन्न गेले, आणि कृषी सेवा केंद्राची उधारी तशीच राहिली. जूनमध्ये बियाणे आणि खत लागते, त्याच वेळी शाळा उघडतात. म्हणून जमलेल्या रकमेतील निदान निम्मा भाग जूनसाठी मागे ठेवू द्यावा; तो पहिल्या पंधरवड्यातच खर्च करण्याची गळ कुटुंबाला घालू नये. दुकानदाराशी आणि पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीच्या सचिवांशी मुदतीबद्दल बोलायला दोन प्रतिष्ठित माणसांनी बरोबर जावे. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात, तेव्हा वर्गणीतून तीच पुन्हा आणण्याऐवजी गणवेश, वह्या आणि नववीच्या पुढच्या मुलांची पुस्तके पाहावीत.

बांधकाम पावसाळ्यापूर्वी उरकण्याच्या हट्टाने जळक्या भिंतींवरच नवे पत्रे टाकले जातात आणि पहिल्या मोठ्या पावसात त्या भिंती खचतात. पावसाळा दुसऱ्याच्या खोलीत काढून दिवाळीनंतर पायापासून काम सुरू केलेले चांगले. तेव्हा गावातील गवंडी, सुतार आणि ट्रॅक्टरवाले यांनी प्रत्येकी किती दिवस द्यायचे, हे आत्ताच, आग ताजी असताना, नावे आणि तारखांसह लिहून ठेवावे, आणि दिवाळी झाली की ती यादी घेऊन एकाने प्रत्येकाच्या दारी जावे.