लंडनच्या नळाचं पाणी आणि घरची बिअर: या चुका टाळा

बिअर बिघडली की नवशिके आधी यीस्टला शिव्या घालतात. मग हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बदलतात, मग बादली. पाण्याची आठवण सगळ्यात शेवटी.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे "पाणी उकळलं की झालं". उकळल्यावर क्लोरीन उडतो, मान्य. पण लंडनमध्ये बऱ्याच ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारं जंतुनाशक) असतं आणि ते एवढ्या सहजी जात नाही, भांडं रात्रभर उघडं ठेवून तर नाहीच. माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फिनॉलशी त्याची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि ते अगदी कणभर असलं तरी नाकाला कळतं.

उत्तर लंडनमधल्या एका मित्राच्या पेल एलला (फिक्या रंगाच्या बिअरला) दरवेळी दवाखान्यातल्या पट्टीचा वास यायचा. त्याने यीस्ट बदललं, महागडं स्टीलचं पातेलं आणलं, बिअरच्या दिवशी घरच्यांना स्वयंपाकघरात यायची बंदी केली. शेवटी मी जाऊन बघत बसलो. गडी वॉर्ट (माल्टचा गोड काढा) मन लावून उकळत होता आणि नंतर बादली २३ लिटरपर्यंत भरायला सरळ नळाखाली धरत होता! विचारलं तर म्हणे, "अरे, पिण्याचंच पाणी आहे ना!" कॅम्पडेनची (क्लोरीन आणि क्लोरामाइन घालवणाऱ्या मेटाबायसल्फाइटची) अर्धी गोळी पाण्यात चुरून टाकल्यावर पुढचा घाणा स्वच्छ निघाला. जुन्या बाटल्या मात्र त्याने "मुरेल" म्हणून कपाटात ठेवल्या. ते काय लोणचं आहे मुरायला? हा वास जात नाही, ओतून मोकळं व्हा.

२५ लिटरला अर्धी गोळी पुरते आणि काम मिनिटांत होतं. मी तरी ती आदल्या रात्रीच टाकतो. धान्य भिजवायचं, धुवायचं, वरून घालायचं असं सगळं पाणी त्यात आलं पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे नळाच्या पाण्याचा पीएच मोजून खूश होणं. त्या आकड्याने फारसं काही कळत नाही. बघायची ती अल्कलिनिटी, म्हणजे पीएच खाली येऊ न देण्याची पाण्याची ताकद. किटलीत बसणारा पांढरा थर आठवा: इथलं पाणी चुनखडीतून येतं, आणि त्यातलं बायकार्बोनेट मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा) पीएच ५.२ ते ५.५ पर्यंत उतरू देत नाही. भाजलेलं काळं माल्ट आम्लधर्मी असल्याने पोर्टरला (गडद बिअरला) हे पाणी चालून गेलं. फिक्या बिअरला ते तुरट करतं. मत्स्यालयाच्या दुकानात अल्कलिनिटी मोजायचा केएच टेस्टचा संच मिळतो. त्याचा सहसा एक थेंब म्हणजे साधारण १८ मिलिग्रॅम प्रति लिटर. चौदा थेंबांनी रंग बदलला तर अडीचशे. पेल एलसाठी मी लॅक्टिक आम्लाने ते पन्नासच्या आसपास आणतो, थोडं थोडं घालत आणि परत मोजत. अंदाजाने बाटली उपडी करणाऱ्यांची बिअर आंबट लागते, मग पुन्हा दोष यीस्टला.

अल्कलिनिटी न बघता "बर्टनसारखी बिअर" म्हणून जिप्समचे (कॅल्शियम सल्फेटचे) चमचे ओतू नका. बर्टन या बिअरसाठी प्रसिद्ध इंग्लिश गावाच्या पाण्यात सल्फेट भरपूर, हे खरं. पण जिप्सम एकट्याने बायकार्बोनेटचं काम उरकत नाही.

घरातल्या मीठवाल्या सॉफ्टनरचं पाणी नकोच, त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम येतं. आरओचं पाणी चालेल, पण कोरं वापरू नका, थोडं कॅल्शियम क्लोराइड घाला. त्याची बरणी घट्ट बंद ठेवा. ते हवेतली ओल ओढतं आणि मग वजनाचा भरवसा राहत नाही.