सफरचंद स्कॅब: नवीन औषध मारताय? आधी चार झाडं तशीच सोडा

मंडळी, कळी फुगायला लागलीये, हिरवं टोक दिसायच्या आत हे सांगून टाकतो कारण एकदा पाऊस लागला की कुणालाच ऐकायला वेळ नसतो. यंदा स्कॅबसाठी (पाना-फळांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग) कुठलंही नवीन बुरशीनाशक मारणार असाल तर चार झाडं त्याच्याशिवाय सोडा. कंट्रोल म्हणतात ते. दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी नेमकं हेच राहून जातं.

होतं काय, दुकानदार नवा डबा हातात देतो, आपण सगळ्या बागेवर मारतो, त्या साली पाऊस कमी म्हणून स्कॅब येतच नाही, आणि एक नंबर रिझल्ट म्हणत पुढची तीन-चार वर्षं तेच चालू. मग एखाद्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस ठाण मांडतो आणि फळं काळी पडून तडकतात. अशा बागा पाहिल्यात मी, मालक म्हणतो औषध डुप्लिकेट निघालं. बऱ्याचदा औषध बरोबरच असतं, बुरशी त्याला सरावलेली असते. शेजारी न फवारलेलं झाड असतं तर फरक कमी होत चाललाय हे आधीच दिसलं असतं.

स्ट्रॉबिल्युरिन गटाचं (ॲझॉक्सीस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन) तर असं की बुरशीत एक बदल झाला की औषध जवळपास शून्य, डोस डबल करूनही काही होत नाही. डायफेनोकोनॅझोलच्या गटात असर हळूहळू घसरतो म्हणून पटकन लक्षात येत नाही. मॅन्कोझेब, कॅप्टन या जुन्या औषधांना बुरशी सहसा सरावत नाही, पण ते पावसाआधी पानावर पाहिजेत, आत शिरलेल्या बुरशीला ते काही करत नाहीत. म्हणून ट्रायलमध्ये एक जुनं स्वस्त औषध हवंच. मॅन्कोझेब 75 टक्के लिटरला अडीच-तीन ग्रॅम अशी शिफारस असते, तरी डब्यावरचं लेबल पाळा. माझा अंदाज विचाराल तर वेळेत मारलेलं मॅन्कोझेब उशिरा मारलेल्या महागड्या कॉम्बोला (दोन औषधं एकत्र असलेला डबा) मागे टाकतं.

मांडणी अशी करा. बागेत चार जागा निवडा, प्रत्येक जागी एक झाड कंट्रोल (स्कॅबचं कुठलंच औषध न मारलेलं), एक जुन्या औषधाचं, एक नव्याचं, जात आणि वय सारखं, मधे एकेक झाड सोडून म्हणजे फवारा उडून कंट्रोलवर जाणार नाही. रिबीन बांधा, नाहीतर गडी सवयीने सगळंच फवारून टाकतो आणि कंट्रोल गेलं. चारपैकी एक जागा जिथं दव उशिरापर्यंत सुकत नाही तिथली घ्या, रोग तिथंच आधी दिसतो असं मला वाटतं.

पाऊस आणि पान किती तास ओलं राहिलं ते वहीत लिहा. मिल्स या शास्त्रज्ञाच्या 1944 च्या तक्त्याप्रमाणे 10 अंशाला साधारण 14 तास, 18 ते 24 अंशाला 9 तास ओल राहिली की लागण होते. डाग मात्र 9 ते 17 दिवसांनी दिसतात, तोवर पान साफ दिसतं आणि आपण गाफील राहतो.

मोजताना प्रत्येक झाडाची चारही बाजूंनी मिळून 100 पानं बघा, उलटी करून, कारण सुरुवातीचे डाग खालच्या बाजूलाच सापडतात, शेवाळी रंगाचे, मखमलीसारखे, कडा पसरट. कंट्रोलवर 40 डागाळलेली आणि औषधावर 8, तर 80 टक्के काम झालं. नुसते 8 बघून काय कळणार? आणि कंट्रोलवरच 2-3 निघाली तर त्या वर्षीची ट्रायल बाद, दुकानदार काही का म्हणेना.

बाकी नेहमीचं:
- झाडाखाली पडलेली जुनी पानं गोळा करून नष्ट, किंवा त्यांच्यावर 5 टक्के युरिया (100 लिटरला 5 किलो)
- ऑइल (झाडावर फवारायचं तेल) मारलं असेल तर कॅप्टनला दोन आठवडे थांबा
- औषध बदलताना पंप, नोझल धुवा
- हातमोजे, मास्क
- काढणीआधीचे थांबायचे दिवस लेबलप्रमाणे

कंट्रोलवरून रोग पसरेल ही भीती सगळ्यांनाच असते, पण चार झाडांच्या फळांपायी पूर्ण बाग आंधळेपणाने फवारू नका. मोजणी झाली की त्यांची डागाळलेली फळं तोडून बागेबाहेर न्या आणि ज्याचा आकडा चांगला आला ते औषध त्यांच्यावरही मारा.