संगमरवरातील ॲफ्रोडाइटी कशी ओळखावी

विष्णूच्या चोवीस मूर्तींपैकी केशव कोणता आणि माधव कोणता, हे चेहरा पाहून कधीच कळत नाही. शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हातात कोणत्या क्रमाने आहेत, यावरून ते ठरवावे लागते. ग्रीक-रोमन शिल्पांच्या दालनात शिरताना हीच सवय सोबत न्यावी. युरोपातील मोठ्या संग्रहालयांत विवस्त्र स्त्रीमूर्ती इतक्या असतात, की नवखा प्रेक्षक दिसेल तिला व्हीनस, म्हणजे ग्रीक प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीचे रोमन रूप, म्हणून मोकळा होतो. त्यांतली एखादी जलपरी असते, एखादी हंसासोबतची लीडा, तर कपाळावर चंद्रकोर असलेली डायना. नग्नता हा पुरावा नव्हे; उलट इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत ही देवी मोठ्या ग्रीक शिल्पांत बहुधा वस्त्रे लेऊनच उभी असे.

तो रिवाज मोडला तो ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलिसने. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की त्याने ॲफ्रोडाइटीच्या दोन मूर्ती विक्रीस ठेवल्या होत्या, एक वस्त्रे ल्यालेली आणि एक विवस्त्र. कॉस बेटाच्या लोकांनी सोवळेपणाने पहिली घेतली आणि उरलेली क्निडॉस या ग्रीक नगराच्या लोकांनी नेली. पुढे बिथिनियाच्या निकोमिडीस राजाने त्या मूर्तीच्या बदल्यात क्निडॉसचे सगळे सार्वजनिक कर्ज फेडण्याची तयारी दाखवली, तरी त्यांनी ती दिली नाही. मूळ मूर्ती आता उरलेली नाही. आपल्याला दिसतात त्या तिच्या रोमन काळातील प्रतिकृती आणि त्यांवरून निघालेल्या नव्या घडणी. म्हणून पहिली पायरी अशी, की समोरची मूर्ती क्निडॉसच्या घराण्यातली आहे का, हे हातांवरून पाहावे.

क्निडॉसच्या घडणीत देवी स्नानाच्या वेळी दाखवलेली असते. उजवा हात मांड्यांच्या मध्ये आडवा येतो, डाव्या हातात वस्त्र असते आणि ते शेजारच्या पाण्याच्या घागरीवर ओघळलेले असते. वक्षस्थळ झाकण्याचा प्रयत्न तिथे नाही. ही घडण व्हॅटिकनमधील ‘कोलोना व्हीनस’ नावाच्या प्रतिकृतीत चांगली दिसते. दोन्ही हात अंगासमोर आले, म्हणजे उजवा छातीपाशी आणि डावा खाली, तर ती नंतरची घडण समजावी. रोममधील ‘कॅपिटोलाइन व्हीनस’ आणि फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयातील ‘मेडिची व्हीनस’ या त्या घडणीच्या दोन प्रसिद्ध मूर्ती. अभ्यासक या प्रकाराला ‘व्हीनस पुडिका’, म्हणजे लज्जाशील व्हीनस, म्हणतात. झाकणारा हात पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच नेतो, हे मात्र शिल्पकाराला ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे.

हातांनंतर पायांकडे पाहावे, आणि या पायरीला जरा वेळ द्यावा. संगमरवराच्या उभ्या मूर्तीचे वजन नुसत्या दोन घोट्यांवर पेलत नाही, म्हणून पायाला लागून काहीतरी आधार ठेवावा लागतो. चांगला शिल्पकार त्या आधारालाच कथेत ओढतो. घागर असेल तर स्नानाचा प्रसंग. डॉल्फिन असेल तर समुद्रातून झालेला जन्म. मेडिची व्हीनसच्या डाव्या पायाशी असा डॉल्फिन आहे आणि त्याच्या अंगावर चिमुकले पंखधारी इरॉस, म्हणजे प्रेमाचे बालदेव, खेळत आहेत. नुसता झाडाचा बुंधा असेल, तर त्यावरून घाईने काही ठरवू नये.

आता सांधे तपासावेत. जमिनीतून निघालेल्या मूर्तींचे हात बहुधा तुटलेले असत, आणि सोळाव्या ते अठराव्या शतकात त्या सर्रास ‘पूर्ण’ केल्या जात. मेडिची व्हीनसचे हात सतराव्या शतकातल्या एर्कोले फेराता याने बसवलेले आहेत; त्या लांबसडक, नाजूक बोटांना प्राचीन म्हणता येत नाही. दंडावर किंवा मनगटाजवळ बारीक रेघ दिसली, दगडाची छटा बदलली, की पुढच्या हातातले सफरचंद किंवा आरसा साक्षीला धरू नये. या बाबतीत १८२० मध्ये मिलॉस बेटावर सापडलेली आणि आज लूव्ह्रमध्ये असलेली मूर्ती अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिला नवे हात बसवलेले नाहीत. तिच्याजवळ सफरचंद धरलेल्या हाताचा तुकडा सापडला होता. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने ‘सर्वांत सुंदर’ देवीला दिलेले फळ म्हणून तो ॲफ्रोडाइटीकडे बोट दाखवतो. पण मिलॉसचे नावच ग्रीकमधील सफरचंदाच्या शब्दाशी जुळते, आणि ही मूर्ती समुद्रदेवी ॲम्फिट्रायटीची असावी असे मानणारेही आहेत.

सोबत्यांवरून ओळखणे सोपे आहे. कबुतर, चिमणी, हंस, गुलाब आणि मर्टलची डहाळी ही तिची लांछने. पंख आणि धनुष्य असलेला मुलगा म्हणजे इरॉस, रोमन लोकांचा क्युपिड. आपल्या मदनाचे बाण फुलांचे, तर रोमन कवी ओव्हिडच्या क्युपिडकडे दोन जातींचे बाण आहेत: सोन्याचा प्रेम जागवतो आणि शिशाचा ते घालवतो. जुन्या ग्रीक कलशांवर इरॉस सडपातळ तरुण असतो. गुटगुटीत बाळ दिसले तर काळ पुढचा आहे असे समजावे. फुलपाखराचे पंख असलेली तरुणी म्हणजे त्याची प्रेयसी सायकी, कारण ग्रीक भाषेत त्या एकाच शब्दाचे अर्थ जीव आणि फुलपाखरू असे दोन्ही होतात. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधील १८९३ च्या पुतळ्याला सगळे इरॉस म्हणतात, पण शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्ट याच्या मनात त्याचा भाऊ अँटेरॉस होता.

चित्रांतही हेच हात शोधावेत. इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या सुमारे १४८५ च्या चित्रात शिंपल्यावर उभी असलेली व्हीनस उजवा हात छातीवर आणि डावा खाली धरते. फरक इतकाच, की तिच्या डाव्या हातात स्वतःचे केस आहेत. शिंपला आणि लाटा दिसल्या, की कथा ग्रीक कवी हेसिअडची आहे हे ओळखावे: आकाशदेव युरेनसचे छाटलेले अवयव समुद्रात पडले आणि त्यांच्याभोवतीच्या फेसातून देवी प्रकटली. होमर मात्र तिला झ्यूस आणि डायॉनी यांची मुलगी म्हणतो.

नावाची पाटी सर्वांत शेवटी वाचावी, आणि तीही शंकेने. पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती, जी नेपल्सच्या संग्रहालयात आहे, ती ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून गाजली. पण तिच्याजवळ ना अभिषेक करणारे हत्ती आहेत, ना हातात कमळ. शेजारी प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दोन दासी तेवढ्या उभ्या आहेत, आणि आज अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्यासारख्या मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही सापडल्या आहेत.

आणि सायप्रसला गेल्यास वरचे सगळे नियम बाजूला ठेवावेत. पाफॉस हे तिचे सर्वांत मानाचे पीठ, पण तिथली देवता मानवी आकाराची नव्हतीच. रोमन इतिहासकार टॅसिटस तिचे वर्णन खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला गोल आकार असे करतो, आणि रोमन नाण्यांवरील देवळाच्या चित्रातही तसाच दगड दिसतो. जुन्या पाफॉसच्या जागी आज असलेल्या कूक्लिया गावाच्या संग्रहालयात एक काळपट दगड आहे, तोच तो असावा असे मानले जाते. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, शेजारी डॉल्फिनही नाही. ज्याने गावच्या देवळात शेंदूर लावलेल्या तांदळ्याला हात जोडले आहेत, त्याला तिथे पाटी वाचण्याची फारशी गरज पडणार नाही.