जुन्या आलिशान मोटारींचे ब्रेक ड्रम बनवताना या चुका टाळा

1919 साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात हिस्पानो-सुइझा कंपनीची एच६ ही गाडी आली, तेव्हा बऱ्याच महागड्या गाड्यांना फक्त मागच्याच चाकांना ब्रेक असत. कंपनीचे अभियंते मार्क बिर्किग्ट यांनी चारही चाकांना ब्रेक दिले, गिअरबॉक्सवरून चालणारा सर्वो (पायाच्या दाबाला जोर पुरवणारी यंत्रणा) जोडला आणि ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि आतून ब्रेक दाबला जाणारी वाटी, हलक्या मिश्रधातूचे, आतून लोखंडी अस्तराचे केले. रोल्स-रॉइसने पुढे हा सर्वो परवान्यावर घेतला. अशा जोडधातूच्या ड्रमची नवी प्रत करताना बहुतेक घोटाळे होतात ते उष्णतेचा हिशेब न धरल्यामुळे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अस्तर थंड अवस्थेत घट्ट बसले की काम झाले असे समजणे. 400 मिमी व्यासाचा ड्रम 200 अंशांनी तापला, तर ॲल्युमिनियम व्यासात सुमारे 1.8 मिमी फुगते, अस्तराचे बीड (ओतीव लोखंड) मात्र जेमतेम 0.9 मिमी. घाटात अस्तर आधी तापते, त्यामुळे सुरुवातीला पकड टिकते. उतार लांबला की बाहेरचे कवचही तापते आणि पकड सुटू लागते. मध्ये केसाएवढी फट पडली तरी उष्णता बाहेर जायची वाट बंद होते, मग अस्तर आणखी तापते. म्हणून नुसत्या घट्ट फिटिंगवर भिस्त ठेवू नका. अस्तराच्या पाठीवर खाचा ठेवून त्यावरच कवच ओतणे मला जास्त खात्रीचे वाटते. ड्रम टांगून हलकेच ठोका: खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर अस्तर सुटले आहे किंवा कुठेतरी तडा आहे.

बिडाचे अस्तर फाउंड्रीतून आल्या आल्या अंतिम मापाला आणण्याची घाई नडते. आधी कच्चे टर्निंग, मग भट्टीत 500 ते 600 अंशांवर ताण काढणे, सावकाश गार करणे आणि त्यानंतरच फिनिश कट. हा क्रम चुकला की ड्रम वापरात अंडाकृती होतो आणि पेडल पायाखाली धडधडते. तारांच्या चाकाची गाडी असेल, तर शेवटचा कट हबवर बसवूनच घ्या आणि चाक आवळल्यावर ड्रम गोल फिरतो का ते डायल गेजने (बारीक फरक दाखवणारे मापक) पुन्हा तपासा.

एक चूक सहज नजरेतून सुटते. लेथचा फीड (दर फेरीला हत्यार पुढे सरकण्याचे अंतर) जाड ठेवला की ड्रमच्या आत बारीक आटे उमटतात. ब्रेक लागताच शू (ड्रमला आतून दाबणारा भाग) त्या आट्यांवरून बाजूला सरकतो आणि खटकन जागेवर परततो. लोक हा आवाज सस्पेन्शनमध्ये शोधत बसतात! शेवटचा कट बारीक फीडने घ्या.

एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकाच व्यासाचे हवेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासला जाणारा थर) ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक खनिज असू शकते. ती धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नका, ओली करूनच पुसून काढा.