रशच्या गाण्यांची क्रमवारी लावताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात रश हा कॅनडाचा तिघांचा रॉक बँड ऐकणारी माणसं कमी, पण आहेत ती पक्की. दोघं भेटले की चहा यायच्या आत 'तुझी पहिली दहा सांग' सुरू होतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, सगळ्यांच्या याद्या गोळा करून एकच करूया. ती बेरीज करायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडं येतं. त्यामुळं त्याच त्या चुका दर वेळी माझ्या वहीत येऊन पडतात. कुणी हौसेनं यादी करतंय याचा मला आनंदच आहे. पण १९६८ साली टोरांटोत सुरू झालेला, १९७४ ते २०१२ या काळात १९ स्टुडिओ अल्बम काढलेला हा बँड आहे. गाणी दीडशेच्या वर. एका संध्याकाळी फोनवर बोट सरकवत त्यांचा निकाल लावलेला मला बघवत नाही.

गाणं कशाला म्हणायचं, हे न ठरवता कागद वाटणं

सगळ्यात जास्त वाटोळं या एका गोष्टीनं होतं.

राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवर आठजण जमले होते. कागद त्यानंच वाटले. प्रत्येकानं दहा गाणी लिहायची, पहिल्याला १० गुण, दहाव्याला १. मी विचारलं, मोठ्या गाण्यांचे भाग वेगळे धरायचे का? तो म्हणाला, "लिहा हो आधी, नंतर बघू." झालं. तिघांनी '२११२' लिहिलं, पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या नंबरावर. दोघांनी त्यातलं नुसतं 'ओव्हर्चर' लिहिलं, तिसऱ्या आणि पाचव्या नंबरावर. एकानं 'द टेम्पल्स ऑफ सिरिंक्स' दुसऱ्या नंबरावर टाकलं, एकानं 'डिस्कव्हरी' सहाव्या. एकाच्या यादीत यातलं काहीच नव्हतं. बेरीज केली तर '२११२' ला २६ गुण, आणि ४१ गुणांनी 'टॉम सॉयर' पहिलं. तुकडे एकत्र मोजले असते तर '२११२' चे ५४ झाले असते. मग जी भांडणं लागली ती जेवण गार होईपर्यंत चालली, आणि दोघं तर न जेवताच गेले.

'डिस्कव्हरी' लिहिणाऱ्याला मी नंतर विचारलं, हाच तुकडा का? तो म्हणाला, '२११२' च्या गोष्टीतल्या त्या पोराला गिटार सापडतं ती जागा मला सोडवत नाही. खरंच ती जागा तशीच आहे. आधी पाण्याचा आवाज. मग एकेक तार छेडली जाते, बेसूर तार पिळत पिळत सुरात आणली जाते, दोनचार साधे सूर जुळतात, आणि गाणं अजून कधी ऐकलेलंच नसलेल्या माणसाच्या हातून पहिल्यांदा गाणं निघतं. बँडचा गिटारवाला अॅलेक्स लाइफसन, त्यानं तिथं मुद्दाम चाचपडत वाजवलंय. पण त्या चाचपडण्याला किंमत कशामुळं येते? त्याच्या आधी गोष्टीत सगळ्यांवर राज्य करणाऱ्या सिरिंक्सच्या पुजाऱ्यांची ती किंचाळणारी हुकमत कानावर आदळून गेलेली असते म्हणून. आणि पुढं तेच पुजारी ते गिटार पायदळी तुडवतात म्हणून. मधलाच तुकडा उचलला तर हातात तीन-साडेतीन मिनिटांचं गोड गिटार उरतं, एवढंच.

आणि हे गाणं कुठल्या परिस्थितीत झालं तेही बघा. १९७५ चा 'कॅरेस ऑफ स्टील' हा अल्बम पडला होता. रेकॉर्ड कंपनीला छोटी, रेडिओवर वाजतील अशी गाणी हवी होती. या तिघांनी १९७६ साली रेकॉर्डची अख्खी एक बाजू, वीस मिनिटांच्या वर, सात भागांच्या एकाच गोष्टीला देऊन टाकली. त्यांनी कंपनीसाठी जे कापलं नाही ते आपण यादीच्या सोयीसाठी का कापायचं?

माझा शिरस्ता असा. अल्बमवर एका नावाखाली एकसंध आलं ते एक गाणं, भाग कितीही असोत. म्हणून '२११२' एक, 'ला व्हिला स्ट्रँजिआटो' एक, 'नॅचरल सायन्स' एक. 'सिग्नस एक्स-१' चं पहिलं पुस्तक १९७७ च्या अल्बमवर आणि दुसरं १९७८ च्या, म्हणून ती दोन गाणी. 'फिअर' मालिकेतली गाणी तर वेगवेगळीच धरायची. तिथं नवखे आणखी एका ठिकाणी घसरतात: तिसरा भाग 'विच हंट' १९८१ साली आधी आला, दुसरा १९८२ ला, पहिला १९८४ ला, आणि चौथा थेट २००२ ला. क्रमानं ऐकायचं म्हणून तारखेनं लावाल तर पहिले तीन भाग उलटे वाजतील. हे सगळं कागदाच्या डोक्यावर लिहून घ्या, मगच पेन उघडा.

ढोल कुणाचे, शब्द कुणाचे

'वर्किंग मॅन' हे गाणं यादीत वर ठेवायचं तर खुशाल ठेवा, पण 'काय वाजवलंय नील पिअर्टनं' असं त्यापुढं लिहू नका. १९७४ च्या पहिल्या अल्बमवर ढोल जॉन रुट्सीचे आहेत, पिअर्ट त्यानंतर आला. तसंच 'टॉम सॉयर' चे शब्द एकट्या पिअर्टचे नाहीत, गीतकार पाय डुब्वाबरोबरचे आहेत.

पुढं ढकलत ऐकणं

हे मात्र मला सहन होत नाही.

शिवाजी पेठेतला एक कॉलेजचा पोरगा आमच्यात नव्यानं आला. हुशार, उत्साही. पहिली भेट झाली आणि दोन दिवसांत अख्ख्या बँडची क्रमवारी घेऊन हजर. मी बघितलं तर 'झॅनाडू' पार तळाला. का रे? म्हणाला, "काका, ते गाणं सुरूच होईना की! मी चारदा पुढं घेतलं, तरी बासरीगत कायतरी चाललेलंच."

'झॅनाडू' अकरा मिनिटांचं आहे. गायक आणि बेसवादक गेडी लीचा आवाज येतो तो पाच मिनिटांच्या आसपास. त्याआधी पक्षी आहेत. वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओच्या बाहेर, उघड्यावर रेकॉर्ड केलेले खरे पक्षी. मग वाऱ्यासारखा एक लांब सूर, लाकडी ठोकळ्यांचा टकटकाट, घंटा, आणि लाइफसनचं गिटार व्हॉल्यूमनं फुगत फुगत वर येतं, तारेवरचा आघात ऐकूच येत नाही. मग एकच छोटी फिरत सुरू होते, पिअर्ट तिच्यावर येऊन बसतो, आणि दार उघडतं. ही प्रस्तावना काढून टाकली तर आत जायला रस्ताच राहत नाही.

अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी ज्या गावात गायले, जिथं देवल क्लबात माणसं पिढ्यान् पिढ्या मांडी घालून गाणं ऐकत आलीत, त्या गावातल्या पोरांना पाच मिनिटं दम निघू नये? बडा ख्याल लावून 'ताना कुठं आहेत' म्हणून पुढं ढकलत बसणाऱ्याला राग कळला असं कुणी म्हणेल का?

त्याला मी घरी बोलावला, फोन बाजूच्या खोलीत ठेवायला लावला आणि पूर्ण गाणं लावलं. सहाव्या मिनिटाला त्याची मांडी हलायची थांबली. पुढच्या यादीत त्यानं 'झॅनाडू' सातव्या नंबरावर ठेवलं आणि कारणही लिहिलं: शेवटाकडं गिटार त्याला जरा कमी वाटतं. मला ते पटत नाही, पण ही यादी मी मान्य करतो, कारण ती ऐकून केलेली आहे. सध्या मी सरळ नियम केलाय. ज्यानं गाणं एका बैठकीत, न थांबवता, निदान दोनदा ऐकलं नाही, त्याचं त्या गाण्याचं मत मी मोजत नाही. दोन दिवसांत केलेली पूर्ण क्रमवारी तर घेतच नाही.

फोनच्या स्पीकरवर निकाल

तीन माणसांचा बँड, आणि फोनच्या स्पीकरवर गेडी लीचा बेस ऐकूच येत नाही. म्हणजे एक माणूस वजा करूनच तुम्ही गुण देताय. हेडफोन साधे असले तरी चालतील. मी स्वतः सकाळी रंकाळ्यावर फिरताना ऐकत नाही, गाड्यांच्या आवाजात झांजा बुडतात. रात्री घरी, दिवा बारीक करून ऐकतो.

कुठली आवृत्ती ऐकली ते न लिहिणं

'व्हेपर ट्रेल्स' च्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. पिअर्टची मुलगी १९९७ साली गेली, बायको १९९८ साली. बँड थांबलाच होता. २००२ साली हा अल्बम आला, पण आवाज इतका चढवून ठेवला होता की सगळं फाटल्यासारखं ऐकू येतं. २०१३ साली तो नव्यानं मिक्स करून काढला, आणि तीच गाणी पहिल्यांदा श्वास घेताना ऐकू आली. जुनी आवृत्ती ऐकून 'डोकं दुखतं' म्हणून तळाला टाकणाऱ्यांची चीड येते, कारण इतक्या दुःखातून उठून वाजवलेलं संगीत आहे ते. नवी ऐका, मग बोला. लाइव्ह रेकॉर्डिंगचंही तेच: स्टुडिओ आणि मैफल एकाच यादीत मिसळू नका.

अवघड म्हणजे चांगलं

उद्यमनगरात लेथवर काम करणारा माझा एक दोस्त आहे. 'फ्रीविल' लागलं की तो टेबलावर बोटांनी सहा आणि सात असे तेरा ठोके मोजून दाखवतो, एकदाही चुकत नाही. मला ते बघायला आवडतं. पण ठोके जास्त म्हणून गाणं वर, हा त्याचा हिशोब मला मान्य नाही.

'वाय-वाय-झेड' घ्या. टोरांटोच्या विमानतळाची ही खूण, मोर्स कोडमध्ये: लांब-आखूड-लांब-लांब, पुन्हा तेच, मग लांब-लांब-आखूड-आखूड. लांबाला एक मात्रा आणि आखुडाला अर्धी धरा. साडेतीन, साडेतीन आणि तीन, बरोबर दहा. झपतालाच्याही मात्रा दहाच, पण खंड दोन-तीन-दोन-तीन. म्हणून झपताल अंगात मुरलेल्या माणसालाही इथं सम हुकते. हे सगळं खरं. तरी नोव्हेंबर २००२ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हजारो लोकांनी शब्द नसलेलं हे गाणं उड्या मारत तोंडानं म्हटलं, ते मात्रा मोजून नव्हे. रेकॉर्डिंग आहे, ऐका. माझी सवय अशी की आधी गाण्याला नंबर द्यायचा आणि मोजायला नंतर बसायचं.

'१९८१ नंतर संपला बँड'

असं म्हणणाऱ्याला मी फक्त विचारतो, 'सबडिव्हिजन्स' कधी ऐकलंस? १९८२ चं आहे, सिंथेसायझरवर उभं आहे, आणि एकट्या पडलेल्या पोरांबद्दल इतकं खरं गाणं या बँडनं दुसरं केलेलं नाही. मग १९८४ चं 'आफ्टरइमेज', स्टुडिओतला त्यांचा सहकारी अपघातात गेला त्याच्या आठवणीतलं. न ऐकता अख्खं दशक बाद करणं हा निव्वळ आळस आहे.

दुःखाच्या भरात पहिला नंबर

७ जानेवारी २०२० ला पिअर्ट गेला आणि नंतरच्या सगळ्या याद्यांत 'द गार्डन' पहिलं. शेवटच्या स्टुडिओ अल्बमवरचं शेवटचं गाणं, डोळे माझेही भरतात. पण ते त्याच्या स्वतःच्या जोरावर वर येणारं गाणं आहे. त्याला सहानुभूतीचे गुण देऊ नका. भर ओसरू द्या, दुसऱ्या गाण्यांबरोबर ऐका, मग लिहा.

शेवटी बरोबरी झाली तर चिठ्ठ्या टाकू नका. आमच्याकडं पद्धत अशी: ज्या दोन गाण्यांना सारखे गुण, ती दोन्ही तिथंच पूर्ण वाजवायची, आधी जुनं, मग नवं. मधे कुणी बोलायचं नाही. नंतर हात वर. परवा 'लाइमलाइट' आणि 'रेड बार्केटा' असे अडकले होते. 'रेड बार्केटा' एका हातानं पुढं निघालं.