कथालेखकांचं वाचन : या चुका टाळा

‘कोसला’ वाचून झाली की पुढचे काही महिने मसुद्यात ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ यांचं पीक येतं. १९६३ सालच्या या कादंबरीची ही लागण अजून ओसरलेली नाही. मुळात ‘वगैरे’ ही तिच्या नायकाची, पांडुरंग सांगवीकरची, गरज आहे. कुठलंही विधान ठासून करायला तो कचरतो, स्वतःचं दुःखसुद्धा हातभर लांब धरतो. तुमच्या कथेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका तशा आहेत का? मसुद्यातले सगळे ‘वगैरे’ खोडून वाक्यं मोठ्याने वाचा. काहीच हरवलं नाही, तर शब्द उसना होता.

दुसरी चूक म्हणजे पुस्तक एकदाच वाचून ‘काय लिहिलंय!’ म्हणत मिटणं. पहिलं वाचन खुशाल असं होऊ द्या. दुसऱ्या वेळी मात्र एकच प्रकरण घ्या आणि वहीत चार रकाने आखा: कोण पाहतंय, वाचकाला नवीन काय कळलं, वेळ किती सरला, शेवटी काय बदललं. ‘बनगरवाडी’चं (१९५५) एखादं प्रकरण असं मांडलं, तर पहिल्या रकान्यात तरुण मास्तर सोडून कुणी येत नाही. तो गावाला नवखा; माणसं त्याला भेटतील तशीच ती आपल्याला भेटतात, म्हणून गावाचा इतिहास वेगळा सांगत बसावं लागत नाही. मग याच रकान्यांत स्वतःची कथा भरा. दुसरा रकाना सलग दोन पानं कोरा राहिला, तर कथा तिथे अडली आहे. बहुतेक वेळा ते नायकाचं बालपण निघतं.

जुनी कादंबरी मुळात कुठे छापून आली, हेही पाहावं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. आठवडाभर थांबणाऱ्या वाचकासाठीची ऐसपैस चाल बारा पानांच्या कथेत आणली, तर कथा सुरू होईतो पानं संपतात. हरिभाऊंकडून घ्यायचंच तर यमूचं निवेदन घ्या: घरातल्या बाईचं बोलणं, तिच्याच तोंडून.

शिकवणाऱ्या पुस्तकांबाबत गडबड वेगळी. ती लिहिण्याआधी पाककृतीसारखी वापरली जातात. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र (विंदांनी ते मराठीत आणलं आहे) प्रामुख्याने शोकांतिकेबद्दल बोलतं. कथानकाला पात्रांहून वरचं स्थान मिळतं ते त्या संदर्भात. लघुकथेला तो कायदा लावू नये. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरचं १९२७ सालचं उदाहरण जास्त कामाचं: ‘राजा मेला आणि मग राणी मेली’ ही गोष्ट, ‘राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली’ हे कथानक. मसुदा पूर्ण झाल्यावर दोन-दोन प्रसंगांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ घालून बघा. ओळीने तीन ठिकाणी ‘आणि मग’च बसत असेल, तर मधला प्रसंग काढून पाहा.

फक्त अनुवाद वाचणाऱ्यांची पात्रं खांदे उडवतात आणि डोळे फिरवतात. साताऱ्याकडचा म्हातारा ‘मला काय त्याचं’ म्हणून उपरणं झटकेल आणि चालू पडेल.