कोलेस्टेरॉलसाठी व्हिटॅमिन सी घेताय? या चुका टाळा

अमळनेरकडच्या एका छोट्या लॅबमध्ये मी वीसेक वर्षं रक्त काढतोय. सकाळी सातला शटर वर गेलं की बाकावर लिपिड प्रोफाइलवाले, म्हणजे रक्तातली चरबी तपासायला आलेले, येऊन बसतात. त्यांच्यात आठवड्याला एक तरी असा असतो, जो बाही वर करता करता सांगतो, "भाऊ, हजारच्या दोन गोळ्या रोज चालू आहेत, व्हिटॅमिन सीच्या. आता उतरलं असंल ना कोलेस्टेरॉल?" किती दिवस झाले विचारलं तर म्हणतो, आठ. चुकाही त्याच त्याच. त्यातल्या एकीने माझं डोकं सगळ्यात जास्त उठवलंय, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

सलाईन लावून थेट तपासणीला येणं

यावलकडचे एक केळीवाले नाना. आधीच्या रिपोर्टला कोलेस्टेरॉल 236, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचाच दुसरा प्रकार) 190. त्या दिवशी मशीनने कोलेस्टेरॉल दाखवलं 121 आणि ट्रायग्लिसराइड 38. नानांनी तिथूनच घरी फोन लावला, "त्या रातच्या गोळ्या आता बंद!"

मला काही पटेना. यूरिक ॲसिडही फारच कमी, 1.4 आलेलं. मशीनवर साखर 84. मशीनचीच शंका आली, म्हणून बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर पाहिली तर तिथे 287. एकाच माणसाचं रक्त, मध्ये दहा मिनिटंही गेली नव्हती. विचारलं, "नाना, सकाळपासून काही घेतलं का?"

"काहीच नाही. कडक उपाशी. फक्त येताना ताकदीची सलाईन लावून आलो."

सलाईन तोंडातून जात नाही, म्हणजे उपास मोडत नाही, असा त्यांचा हिशोब. आधी वाटलं सलाईन साखरेची असेल. पण मग मशीननेही साखर वाढलेलीच दाखवायला हवी होती. खोदून विचारलं तेव्हा कळलं की सलाईनमध्ये व्हिटॅमिन सीच्या भरपूर ॲम्प्यूल सोडल्या होत्या. "नसा साफ होतात" असं सांगून.

आता यामागचं कारण. आमच्यासारख्या बहुतेक लॅबमध्ये कोलेस्टेरॉल थेट मोजत नाहीत. रसायनांची एक साखळी असते, तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्याने गुलाबी रंग चढतो. रंग जितका गडद, तितका आकडा मोठा. रक्तात व्हिटॅमिन सी उतू जात असेल तर ते हे पेरॉक्साइड आधीच गट्ट करतं. मग रंग फिका, आकडा खाली. ट्रायग्लिसराइड, यूरिक ॲसिड आणि जीओडी-पीओडी पद्धतीची (याच पेरॉक्साइडच्या रंगावरून मोजलेली) साखर, सगळ्यांची गत तीच. ग्लुकोमीटरच्या बऱ्याच पट्ट्यांत मात्र उलटं होतं. तिथे सी स्वतःच विजेचा प्रवाह वाढवतं आणि पट्टी त्यालाच साखर समजते. त्या आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिन टोचलं तर काय होईल, याचा विचार करा.

पाच दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं. कोलेस्टेरॉल 233. नानांचं तोंड एवढंसं झालं. सलाईनचे पैसे गेले ते गेलेच, वर पाच दिवस कोलेस्टेरॉलची गोळीही बंद होती.

तोंडावाटे घेतलेल्या गोळीने इतका घोळ होत नाही, कारण आतडं मर्यादेपलीकडे सी आत घेतच नाही. तरी मी मोठ्या डोसवाल्याला दोन दिवस गोळी बंद ठेवूनच या म्हणतो. पुस्तकात असा नियम सापडणार नाही, ही माझी सवय आहे. सलाईनवाल्याला मी आठवडाभर दारात उभा करत नाही.

"नोबेलवाल्याने सांगितलंय" म्हणून डोळे मिटून घेणं

हा व्हॉट्सॲपवरचा माल, की लायनस पॉलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने सीचे मोठे डोस घ्यायला सांगितलंय. पॉलिंग खरोखर मोठा माणूस होता. 1954 चं रसायनाचं आणि 1962 चं शांततेचं, अशी दोन नोबेलं. पण रसायनाचं नोबेल मिळालं ते अणू एकमेकांना कसे धरून राहतात या कामासाठी. व्हिटॅमिन सीचं वेड पुढचं. शेवटच्या वर्षांत त्याने आणि त्याचा सहकारी मॅथियास राथने कल्पना मांडली की शरीरात सी कमी पडलं की लायपोप्रोटीन-ए नावाचा चरबीचा कण रक्तवाहिन्यांना ठिगळं लावत बसतो. कल्पना झकास होती, पण सीच्या मोठ्या डोसने हृदयविकार टळतो हे काही सिद्ध झालं नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या 14 हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांवर प्रयोग झाला. रोज 500 मिलिग्रॅम, सरासरी आठ वर्षं. 2008 साली निकाल आला, हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत. बाकी लायपोप्रोटीन-ए बहुतांशी आईबापाकडूनच येतं. ते आयुष्यात एकदा तपासलं तरी पुष्कळ झालं.

मग सीचा कोलेस्टेरॉलशी काहीच संबंध नाही का? आहे. यकृतात कोलेस्टेरॉलचं पित्त होताना सी लागतं. गिनीपिगला सी तोडलं की त्याचं कोलेस्टेरॉल चढतं, हे प्रयोगात दिसलंय. पण उपाशी गिनीपिगला जे लागू पडतं ते पोट भरलेल्या माणसालाही पडेलच असं नाही. आपल्याकडे केळी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सुकलेल्या बागेला पाणी दिलं की ती तरारते, तुडुंब भरलेल्या बागेत आणखी सोडलं तर मुळ्या सडतात.

तेरा छोट्या प्रयोगांची गोळाबेरीज 2008 मध्येच आली. रोज 500 किंवा जास्त मिलिग्रॅमने एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, साधारण 8 ने उतरलं. एचडीएलमध्ये, म्हणजे चांगल्या म्हणतात त्यात, म्हणावा असा फरक नाही. तुमचं एलडीएल 160 असेल तर 8 म्हणजे पाच टक्के. स्टॅटिन, म्हणजे डॉक्टर देतात ती कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, 30 ते 50 टक्के उतरवते. एवढ्यावर स्टॅटिन सोडणाऱ्याला मी काय बोलू?

उन्हाळ्यात हजार-दोन हजार मिलिग्रॅम

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. बांधावरचा माणूस दुपारभर घामाने निथळतो, लघवी पिवळी जर्द, आणि त्यात हा खुराक. जास्तीच्या सीचा काही भाग ऑक्झलेट बनून लघवीवाटे जातो, आणि आपल्याकडचे मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचेच. स्वीडनमध्ये 23 हजारांहून जास्त पुरुषांची अकरा वर्षं नोंद ठेवली, तेव्हा सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखडा जवळजवळ दुप्पट दिसला. तोही थंड देशात.

माझ्या चुलतभावाला सांगून थकलो. त्याचं एकच पालुपद, "व्हिटॅमिनच शे ना, त्यानी काय व्हस?" जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री दोनला कमरेत कळ आली, तेव्हा मोटारसायकलवर मागे बसवून मीच नेला. त्याआधी एकदा खडा झालेला होता, हे त्याने डॉक्टरसमोर कबूल केलं, माझ्यासमोर कधीच नाही. एकदा मुतखडा झालेल्याने मोठा डोस घेऊच नये.

बाकीच्या

डोस दुप्पट केला म्हणजे फायदा दुप्पट होत नाही. 200 मिलिग्रॅमपर्यंत आतडं जवळजवळ सगळं घेतं, हजारच्या वर निम्म्याहून कमी. उरलेलं जुलाबात आणि लघवीत. आपल्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) सांगितलेली गरज पुरुषाला रोज 80 मिलिग्रॅम आहे, बाईला 65. एक मध्यम पेरू ती भागवतो. केळं नाही भागवत, रावेरचं असलं तरी.

शेवभाजीच्या लाल तर्रीवर लिंबू पिळून तेल कापलं जातं म्हणणाऱ्यांनी ती वाटी रात्रभर झाकून ठेवावी आणि सकाळी वर काय जमलंय ते पाहावं.

रात्री शेतात भरीत पार्टी, वर "थोडीशी" घेतलेली, आणि सकाळी लिपिड प्रोफाइल? ट्रायग्लिसराइड वाढलेलंच निघणार. आदल्या रात्री साधं जेवण आणि मग दहा-बारा तास काही नाही. पाणी चालतं.

पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं, बीपीवाल्यांनी डबीवर वाचावं. चघळायच्या बऱ्याच गोळ्यांत साखर असते, ते मधुमेहवाल्यांनी.

आठ दिवसांत पुन्हा तपासायला येऊ नका. औषध असो की पथ्य, निदान सहा आठवडे जाऊ द्या. पैसे मलाच मिळतात, तरी सांगतोय.

आणि सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्यांना मी एक प्रश्न हमखास विचारतो: घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशी सांभाळणाऱ्या एन्झाइमची) कमतरता सांगितली आहे का? असेल तर सीची सलाईन अजिबात नको, तांबड्या पेशी फुटतात. बहुतेक जण म्हणतात, हे नावच पहिल्यांदा ऐकलं. मग मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतो आणि सांगतो, सलाईन लावणाऱ्याला सुई टोचायच्या आधी ही दाखवा.